मूठभर जादू, सभागृहभर डोळे

हातचलाखी करणाऱ्याच्या धंद्यात एक जुनी अडचण आहे. जादू जितकी जवळून पाहावी तितकी थक्क करते, पण जवळ बसायला माणसं मावतात किती? आठवडी बाजारात मदारी तीन वाट्या आणि चार गोळ्या घेऊन बसायचा. पोट्टे पहिल्या रांगेत उकिडवे, मागे मोठी माणसं वाकलेली, त्यांच्यामागे टाचा उंच केलेले. चौथ्या रांगेतल्या माणसाला फक्त पुढच्याची टोपी दिसायची. पैसेही तो त्या मानानंच टाकायचा!

नाटकगृहं आली तेव्हा जादूगारांनी यावर एक तोड काढली. जादूच मोठी केली. पेटारे आले, पिंजरे आले, करवतीनं कापलेल्या बाया आल्या. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांना तो रंगमंचाचा थाट आठवत असेल. पण या थाटात बोटांची कला मागे पडली. नाणं गायब करणारा हात दिवाणखान्यापुरता उरला. आम्हा कवींचं तरी वेगळं काय होतं? लाऊडस्पीकर येण्याआधी मुशायऱ्यात खड्या आवाजाचा शायर बाजी मारून जायचा. हळू आवाजातला शेर शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचाच नाही. मायक्रोफोननं कुजबुजीला सभागृह दिलं. बोटांना सभागृह मिळायला मात्र फार वाट पाहावी लागली.

खरं तर कॅमेरा आणि जादू यांची सोयरीक फार जुनी. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस यानं पडद्यावर एक बाई गायब केली. मेलिएस मूळचा जादूगार, स्वतःचं जादूचं थिएटर चालवणारा. रंगमंचावर हाच प्रयोग करायचा तर पायाखाली चोरदरवाजा लागे. मेलिएसनं कॅमेरा थांबवला, बाईला बाजूला केलं आणि कॅमेरा पुन्हा सुरू केला. चोरदरवाजा आता फिल्मच्या दोन चौकटींच्या मध्ये आला होता.

आपले दादासाहेब फाळके याच पंथातले. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या या माणसानं एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून घेतली. ‘फाळके’ हे आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते प्रयोग करत. 1912 साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा रोवून ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपली. पडद्यावर दाण्याचा वेल झाला तो मिनिटभरात! हीच फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. एवढासा दाणा आणि समोर मोठा पडदा. जवळच्या जादूचा आपल्याकडला हा पहिला पडदा म्हणायला हरकत नाही.

पण या सोयरिकीची किंमत जादूगारालाच मोजावी लागली. कॅमेरा काहीही करू शकतो हे लोकांना कळलं. मग पडद्यावर खरीखुरी हातचलाखी दाखवली तरी लोक म्हणू लागले, “हे तर कॅमेऱ्याचं काम!” या संशयावर उतारा एकच, प्रक्षेपण जिवंत असलं पाहिजे. 9 एप्रिल 1956 रोजी पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात दीप्ती डे या 17 वर्षांच्या सहायिकेला करवतीनं कापलं. मुलगी उठायच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीकडे फोनवर फोन केले. तेच दृश्य सिनेमात असतं तर एकानंही फोन उचलला नसता.

आज प्रोजेक्टर आमच्या मालेगावातही आला आहे. मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककडचं वेगळं. शाळेची स्नेहसंमेलनं, लग्नाचे हॉल, सगळीकडे पांढरा पडदा लागतो. सूत्रसंचालनाच्या निमित्तानं माझी अशा कार्यक्रमांना हजेरी असते. पत्त्यांचे खेळ करणाऱ्या एका तरुणानं मला विचारलं, “चाचा, कॅमेरा कोणता घेऊ?” मी कवी माणूस, पण व्हिडिओ शूटिंगवाल्या पोरांबरोबर बसून जे उमगलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे चित्र उशिरा येता कामा नये. नाणं टेबलावर वाजलं आणि पडद्यावर क्षणभरानं पडलं, तर तिथंच रसभंग. म्हणून बिनतारी जोडणीपेक्षा वायर बरी. दुसरी, झूम भिंगाचा हवा. चित्र नुसतं ताणून मोठं करणारा नको. पत्त्याचे ठिपके त्यात फुटतात. तिसरी, फोकस आणि उजेड आपल्या हातानं ठरवून कुलूपबंद करता आले पाहिजेत. नाहीतर हात मध्ये आला की कॅमेरा गोंधळतो, आणि काळ्या मखमलीवरचा पांढरा पत्ता चुन्यासारखा फटफटीत दिसतो. चौथी, आपली वीज 50 आवर्तनांची, त्यामुळं दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. मोबाईलवर भागवायचं असेल तर मागचा कॅमेरा वापरावा. पुढचा बहुधा आरसा होतो आणि बदामाच्या राजाचं अक्षर उलटं दिसतं.

एवढं जमलं तरी खरा प्रश्न उरतोच. कॅमेरा ठेवायचा कुठं? थेट डोक्यावर ठेवला तर चित्र स्वच्छ येतं, पण हाताचा जो कोपरा कुणीच पाहू नये, नेमका तोच दिसू शकतो. आणि फक्त बोटंच दाखवली तर लोकांना वाटतं, चौकटीबाहेर काहीतरी चाललंय. मला पटलेली जागा समोर बसलेल्या पाहुण्याच्या खांद्यापाशी आहे. चौकटीत टेबलाच्या कडा दिसाव्यात, जादूगाराची दोन्ही मनगटं दिसावीत आणि मधे चित्र तोडू नये. दोन कॅमेरे असतील तर ऐन मोक्याला अदलाबदल करू नये. मेलिएसचा चोरदरवाजा तिथंच उघडतो, निदान लोकांना तसं वाटतं.

शिन लिम हा पत्त्यांचा जादूगार 2015 साली जागतिक स्पर्धेत जवळच्या जादूत जिंकला आणि 2018 साली अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत पहिला आला. टेबलावरची कला कोट्यवधी लोकांपर्यंत गेली. पण तिथंही परीक्षक टेबलाजवळ उभे असत. पडद्याला साक्षीदार लागतोच. म्हणून त्या तरुणाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की कॅमेरा परवडेल तो घे, पण प्रत्येक खेळाला शेवटच्या रांगेतलं एक पोरगं वर बोलव, पत्ता त्याच्या हातात दे. ते परत जागेवर गेलं की सगळी रांग त्यालाच विचारते, “खरंच होतं का रे?” त्यानं मान डोलावली की मग पडद्यावरही भरवसा बसतो.