पांढरा एलईडी : कार्यक्षमता वाढली, पारख हवी

दिवा किती वॉटचा, हे विचारण्याची आपली जुनी सवय. परंतु वॉट हे वीजखर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि एका वॉटमागे मिळणारे ल्युमेन म्हणजे दिव्याची कार्यक्षमता. तारेचा साधा बल्ब वॉटमागे जेमतेम १२ ल्युमेन देतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

लाल व हिरवे एलईडी पूर्वीपासून होते; अडले होते ते निळ्यावाचून. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीतील शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. १९९६ मध्ये याच कंपनीने त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा एलईडी बाजारात आणला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रारंभीचा पांढरा एलईडी वॉटमागे अवघे ५ ल्युमेन देई. ५ मिलिमीटर व्यासाचा छोटा एलईडी सुमारे ०.०७ वॉट वीज घेतो. त्या काळात ६० वॉटच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश मिळवायचा तर असे दोन हजार एलईडी लागले असते. आज बाजारातील चांगले बल्ब वॉटमागे शंभराहून अधिक ल्युमेन देतात. क्री या अमेरिकन कंपनीने २०१४ मध्ये प्रयोगशाळेत ३०३ ल्युमेनचा टप्पा गाठला.

कार्यक्षमतेपाठोपाठ उपलब्धताही वाढली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सोलापूरसह महाराष्ट्राला पांढऱ्या एलईडीची ओळख झाली ती मुख्यतः विजेरी आणि बॅटरीवरच्या दिव्यांतून. घरगुती बल्ब तेव्हा महागच होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणाऱ्या बल्बचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आज एलईडी बल्ब गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतो.

सोलापुरात याचे मोल विशेष आहे. येथे हजारो महिला घरी बसून विड्या वळतात. दिवेलागणीनंतरचे काम दिव्याच्याच आधाराने चालते. ६० वॉटचा बल्ब रोज सहा तास जळाल्यास महिन्याला जवळजवळ ११ युनिट वीज लागते. तेवढाच प्रकाश देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडीला दोन युनिटही लागत नाहीत.

मात्र ही बचत दिवा टिकला तरच पदरात पडते, आणि एलईडीचा शत्रू उष्णता हाच आहे. तापमान वाढले की त्याचा प्रकाश घटतो, आयुष्य कमी होते. बल्बच्या बुडाशी असलेल्या विद्युतमंडलातील कपॅसिटरही लवकर निकामी होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखाली उकाडा त्याहून तीव्र असतो. वेष्टनावर लिहिलेले हजारो तासांचे आयुष्य अशा ठिकाणी मिळेलच असे नाही. अतिस्वस्त दिव्यांत उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियमचा भाग आणि विद्युतमंडल यांतच काटकसर केलेली आढळते.

म्हणून खरेदी करताना वॉटऐवजी ल्युमेनचा आकडा पाहावा. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक व ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल तपासावे. हमीची पावती जपून ठेवावी. दिवा बंद काचेच्या हंडीत न लावता हवा खेळेल अशा जागी, शक्यतो पत्र्यापासून खाली लावावा. पाच ल्युमेनपासून शंभरापर्यंतची मजल संशोधकांनी मारली आहे. तिचा लाभ घरात टिकवणे मात्र ग्राहकाच्या डोळसपणावर अवलंबून आहे.