स्वस्त होस्टिंगचा इतिहास आणि आपला दस्तऐवज

विहाराची, अभ्यासिकेची आणि वाचनालयाची अशा तीन वेबसाईट आज एकाच स्वस्त होस्टिंगवर चालतात. हे कोणा कंपनीचे उपकार आहेत का? मुळीच नाही.

सुरुवातीला प्रत्येक वेबसाईटला सहसा स्वतंत्र आयपी पत्ता लागत असे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने कोणती साईट हवी तिचे नाव सर्व्हरला सांगणे ब्राउजरवर बंधनकारक केले. त्यामुळे एकाच पत्त्यावर शेकडो साईट नांदू लागल्या, भाडे विभागले गेले. २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'ची सुरक्षा प्रमाणपत्रेही मोफत मिळू लागली. तरीही दर साईटमागे त्याचे पैसे मागणाऱ्याला जाब विचारा.

पण दुसरी बाजूही आहे. 'जिओसिटीज'वर लाखो लोकांनी फुकट पाने उभारली. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी बरेच वाचवले. तरी स्वतःकडे प्रत नसलेल्या अनेकांचे लेखन मालकाच्या एका निर्णयाने गेले.

म्हणून पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. किती साईट चालतील, जागा किती, बॅकअप कोण घेणार, हे लेखी घ्या. डोमेन कार्यकर्त्याच्या नव्हे, संस्थेच्या नावावर नोंदवा. दर महिन्याला सगळ्या साईटची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर उतरवा. जागा भाड्याची चालेल. चळवळीचा दस्तऐवज मात्र दुसऱ्याच्या भरवशावर सोडता येणार नाही.

जय भीम!