बेपत्तांचा हिशेब : ‘रामदास’ ते इर्शाळवाडी

मुंबईत भोईवाडे दोन. एक भुलेश्वरचा, दुसरा परळचा. भोई म्हणजे खांद्यावर पालखी वाहणारा आणि पाण्यात जाळे टाकणारा. त्याची आठवण या नावांत राहिली आहे. प्रस्तुत लेख परळच्या भोईवाड्यापासून सुरू करण्याचे कारण मात्र निराळे आहे. विसाव्या शतकात परळ-लालबागच्या पट्ट्यात जो गिरणी कामगार वस्तीला आला, त्यातला फार मोठा भाग कोकणातला होता. तो मुंबईच्या खोलीत राही, पण ‘घर’ हा शब्द उच्चारताना त्याच्या मनात गावच असे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात खोली आणि घर यांना जोडणारी मुख्य वाट समुद्राची होती. त्या वाटेवर हरवलेल्या माणसांचा शोध कसा घेतला गेला, हा या लेखाचा विषय.

१७ जुलै १९४७ हा गुरुवार होता. आषाढी अमावास्या जवळ आल्याने गावी निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. मुंबईपासून काही मैलांवर, गल बेटाजवळ, वादळी समुद्रात ती कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गिरगाव आणि परळ भागांतले पुष्कळ होते. स्वातंत्र्याला एकोणतीस दिवस उरले होते. फाळणीच्या वार्तांनी भरलेल्या त्या दिवसांत ही बातमी लवकरच मागे पडली, आणि आपल्या इतिहासलेखनातही ती मागेच राहिली.

या दुर्घटनेतील एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे बोट सकाळी बुडाली, तरी शहराला ते कळले संध्याकाळी; तेही पोहत-तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मुलाकडून. मधल्या वेळात धक्क्यावरचे व्यवहार नेहमीसारखे चालू होते. मुंबईचा किनारा इतका जवळ असूनही तो समुद्र त्या दिवशी एखाद्या निबिड अरण्याइतका दुर्गम होता. दुर्गमता केवळ अंतराने ठरत नाही. हाक कुठवर पोहोचते, यावरही ती ठरते.

पहिला शोध सरकारने घेतला नाही, तो घेतला रेवस परिसरातल्या कोळ्यांनी. मासळी घेऊन निघालेल्या होड्यांतून त्यांनी अनेकांना वर ओढले. त्यांच्याजवळ ना आदेश होता, ना यादी. भरती-ओहोटीचे भान आणि खडकांची माहिती तेवढी होती. जे वाचले त्यांतले बरेचसे या माहितीमुळे वाचले. जागेचे ज्ञान असलेली माणसे आधी येतात आणि यंत्रणा मागाहून येते, हा क्रम पुढेही पुन्हापुन्हा दिसतो.

परंतु शोधाचे एक दुसरे अंगही असते. पाण्यातून माणूस काढणे हे एक. कोण पाण्यात होते हे ठरवणे दुसरे. ‘रामदास’च्या बाबतीत हे दुसरे अंग लंगडे राहिले. फेरीबोटीची विकलेली तिकिटे मोजता येत होती, नावे नव्हे. शिवाय तिकिटावाचून चढलेलेही होते. म्हणून आजही मृतांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आढळतो. तुलनेसाठी १९१२ची ‘टायटॅनिक’ घ्यावी. तिच्यावर बिनतारी यंत्र होते, म्हणून ‘कार्पेथिया’ काही तासांत पोहोचली. तिच्या प्रवाशांची यादी होती. नंतर हॅलिफॅक्सहून निघालेल्या ‘मॅके-बेनेट’ या जहाजाने ३०६ प्रेते शोधली आणि प्रत्येकाला क्रमांक देऊन अंगावरच्या कपड्यांची व खिशातल्या वस्तूंची नोंद केली. अनामिकालाही त्या वहीत एक ओळ मिळाली. ‘रामदास’वरच्या चाकरमान्याची अशी ओळ शोधू गेल्यास ती बहुतेक त्याच्या कुटुंबाच्या आठवणीतच सापडेल. तोही दुर्घटनेचाच एक परिणाम मानावा लागेल.

नाव आणि देह यांपैकी एक हाती नसले की काय होते, हे मराठी समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या देहाच्या ओळखीविषयी शंका उरली. त्या शंकेतून पार्वतीबाईंची प्रतीक्षा जन्मली, आणि त्याच शंकेतून तोतयाही जन्मला. त्याला १७७६ साली देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी पुढे त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. आपण ते कारस्थानाचे नाटक म्हणून शिकवतो; पण शोध अपुरा राहिला की त्या रिकाम्या जागेत कोणीही येऊन उभा राहू शकतो, ही त्यामागची खरी गोष्ट आहे. आपल्या धर्मशास्त्राने ही अडचण ओळखली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची आकृती करून तिचा दाह करावा, असा पालाशविधी सांगितला आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत घातली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम ठेवली. मुदत बाराची असो वा सातची, दोन्हींत एक कबुली आहे : शोध कुठेतरी थांबवावा लागतो, आणि तो कोणी व कसा थांबवावा याला नियम हवा.

आता सह्याद्रीकडे वळू. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. तिथेही बातमी बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने. तो नेहमीच्या रस्त्याने आला आणि गावच दिसेना. १५१ माणसे दगावली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात निसरडी पायवाट चढूनच जावे लागे. त्या चढणीत मदतीस निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. गिर्यारोहक, गावकरी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान यांनी फावडी-टिकावांनी चिखल उपसला. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवण्यात आला. तोवर २७ मृतदेह मिळाले होते. ५७ माणसे बेपत्ता राहिली.

‘रामदास’ आणि इर्शाळवाडी यांत एक उलटा संबंध दिसतो. १९४७ साली किनाऱ्याला लागलेले देह होते, पण नावांची पुरी यादी नव्हती. २०२३ साली यादी होती; वाडीत २२८ माणसे राहत होती हे ठाऊक होते, म्हणूनच ५७ हा आकडा इतक्या निश्चितपणे सांगता आला. नव्हते ते देह. आप्तांच्या संमतीने, पुढे उपसणे सोडून, ती जागाच त्यांची समाधी मानली गेली. शोध थांबवण्याचा निर्णय कठोर वाटतो. मात्र तो नावांनिशी घेतला गेला, हा फरक लहान नाही.

तरीही समाधान मानता येत नाही. दोन्ही वेळी गेलेली माणसे मुंबईच्या आसपासची, कष्टकरी होती, आणि दोन्ही वेळी त्यांची वाट धोक्याची आहे हे आधी कळण्याजोगे होते. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी कोकणच्या याच समुद्रात १९२७ साली बुडाल्या होत्या. माळीण इर्शाळवाडीच्या नऊ वर्षे आधी घडले होते. शोध हा नेहमी उशिराच सुरू होतो. त्याआधीचा शोध, म्हणजे कोण कुठे आणि कशा जागी राहतो-जातो याची नोंद, आपण टाळत आलो आहोत.

साहित्याच्या अभ्यासकाचे येथे काय काम, असे कोणी विचारील. कादंबरी आणि कविता यांच्याइतकीच यादी हीही वाचण्याची वस्तू आहे, एवढेच सुचवावेसे वाटते. गिरणगावातल्या जुन्या घरांत ‘रामदास’चे कोणी सांगणारे अजून भेटू शकते, बहुधा नातवंडे, ऐकीव सांगणारी. एखाद्या महाविद्यालयाने परळ, लालबाग, गिरगाव येथे वर्षभर हिंडून ती नावे टिपली, तर ते संशोधनच ठरेल. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर देह मिळणार नाहीत. नावे अजून मिळू शकतात, आणि त्यांनाही मुदत आहे.