सापडण्यासाठी लपवलेले

लपवणे ही माणसाची जुनी सवय आहे. त्याने धान्य पेवात दडवले, दागिने भिंतीत चिणले, नाणी हंड्यात भरून जमिनीत पुरली. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून निरोप सांकेतिक लिपीत लिहिला. या सगळ्या लपवण्यामागे हेतू एकच, की दुसऱ्याला सापडू नये. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत जगभर असा एक शौक वाढला आहे, ज्यात माणूस वस्तू लपवतो ती अनोळखी माणसाला सापडावी म्हणून. मात्र ती सहजासहजी सापडू नये, यासाठी तोच माणूस रात्र रात्र जागून कोडी रचतो. या शौकाला जिओकॅशिंग म्हणतात. वरवर पाहता हा एका खेळाचा इतिहास आहे. पण त्याचे धागे युद्ध, सत्ता आणि माणसामाणसांतील इतबार इथपर्यंत जातात.

या खेळाचा एक पूर्वज इंग्लंडमध्ये सापडतो. डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या ओसाड माळावर क्रॅनमिअर पूल नावाची दुर्गम जागा आहे. तिथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो येईल त्याने आपले कार्ड तीत टाकावे, एवढीच अपेक्षा. पुढे बाटलीच्या जागी डबे आले, डब्यात वही आणि रबरी शिक्का आला. आपल्या वहीत डब्यातला शिक्का उमटवायचा आणि डब्यातल्या वहीत आपला. या छंदाला लेटरबॉक्सिंग म्हणू लागले. डब्यापर्यंत जाण्याची वाट शब्दांत, खुणांत, कधी कोड्यात सांगितलेली असे.

दुसरा पूर्वज मात्र लष्करी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७८ पासून अवकाशात उपग्रह सोडायला सुरुवात केली. त्यांच्या संकेतांवरून सैनिकाला, जहाजाला, क्षेपणास्त्राला आपले नेमके ठिकाण कळावे, हा उद्देश होता. हीच आजची जीपीएस. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा अध्यक्ष रेगन यांनी केली. पण देताना हात आखडता घेतला गेला. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखवलेली जागा सुमारे शंभर मीटर इकडेतिकडे होई. १ मे २००० च्या रात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक काढून टाकण्यात आली आणि लोकांच्या हातातली यंत्रे एका रात्रीत कित्येक पटींनी नेमकी झाली.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तके, सॉफ्टवेअर, काही किरकोळ वस्तू, एक वही आणि पेन्सिल. अक्षांश-रेखांश त्याने सर्वांसाठी जाहीर केले. नियम सोपा होता : काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांत बादली दोघांना सापडली. त्यांतला नोंद करणारा पहिला माणूस माइक टीग. सुरुवातीला या दडवलेल्या ठेव्याला ‘स्टॅश’ म्हणत. पण त्या शब्दाला चोरीच्या मालाचा आणि नशेच्या पुड्यांचा वास होता. म्हणून महिनाअखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. जिओ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ हा जंगलात शिधा दडवून ठेवणाऱ्या फ्रेंच शिकाऱ्यांचा शब्द. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची जाहीर यादी सुरू केली, तेव्हा तीत ७५ डबे होते. आज ही संख्या तीस लाखांच्या पुढे गेली आहे.

आकडे मिळाले, यंत्र हाती आले, मग उरले काय? फक्त चालणे. इथेच बुद्धिमान माणसांची अडचण झाली. सारे काही नेमके सांगितल्यावर शोधण्यात मजा ती कसली? सरकारने काढून टाकलेली चूक मग खेळणाऱ्यांनीच वेगळ्या रूपात परत आणली. कोड्याच्या डब्यासाठी जाहीर केलेले ठिकाण खोटे असते. खरी जागा साधारणपणे तिथून तीन किलोमीटरच्या आत असते आणि तिचे आकडे कोड्यात दडवलेले असतात. तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे अठ्ठावीस चौरस किलोमीटर जमीन. एवढी जमीन पायाखाली घालून हाताएवढा डबा शोधणे अशक्यच. कोडे सोडवण्यावाचून गत्यंतर नाही.

पण याच नियमात सोडवणाऱ्याच्या हाती एक किल्लीही येते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर, तर मिनिटाचा हजारावा भाग दोन मीटरहूनही कमी. खरी जागा जवळच असल्याने अंश आणि बहुधा मिनिटांचा पहिला आकडा आधीच ठाऊक असतो. अनोळखी चिन्हांच्या रांगेत पहिले आकडे कोणते असणार हे कळले, की चिन्हांचा भेद सुरू होतो. युद्धकाळात गुप्त संदेश फोडणारे अशाच ओळखीच्या शब्दांचा आधार घेत.

संदेश लांब असेल तर आणखी जुनी विद्या कामी येते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने ‘मुअम्मा’ उलगडण्याच्या शास्त्रावर एक रिसाला लिहिला. मुअम्मा म्हणजे दडवलेला मजकूर, कोडे. त्याची रीत अशी : त्या भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. मग गुप्त मजकुरातील चिन्हे मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. सर्वांत जास्त येणारे चिन्ह हे बहुधा सर्वांत जास्त येणारे अक्षर असते. अकराशे वर्षांपूर्वीची ही मोजणी आज फिनलंडमधला किंवा कॅनडातला एखादा निवृत्त शिक्षक डबा शोधण्यासाठी करतो. त्याला अल-किंदीचे नाव ठाऊक असेलच असे नाही. विद्येचा प्रवास असाच असतो, नाव मागे राहते आणि रीत पुढे जाते.

या खेळात अवघडपणालाही माप आहे. एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी, एक माप बुद्धीच्या कसाचे आणि दुसरे वाटेच्या खडतरपणाचे. दोन्ही नऊ-नऊ पायऱ्यांचे, म्हणून ८१ प्रकार होतात. हे सगळे ८१ पुरे करणे हा कित्येकांचा ध्यास असतो. पण पाच अंकाचे कोडे रचणे वाटते तितके सोपे नाही. कोणालाच सुटणार नाही असे कोडे कोणीही रचू शकतो. अर्धे सांगायचे आणि अर्धे गाळायचे, एवढे पुरते. खरी कसोटी उलटी आहे. उत्तर सापडल्यावर सोडवणाऱ्याने कपाळावर हात मारून म्हटले पाहिजे, ‘अरे, हे तर समोरच होते!’ शीर्षकात, चित्राच्या रंगात, एखाद्या विचित्र शुद्धलेखनात रचणाऱ्याने वाट ठेवलेली असावी लागते. राजाचा हेर आणि कोडे रचणारा एकच हत्यार वापरतात. हेराला वाचणाऱ्याची भीती असते, कोडे रचणारा वाचणाऱ्याची वाट पाहतो.

या खेळाला काळी बाजूही आहे. २०१८ साली प्राग शहरात डब्याच्या शोधात जमिनीखालच्या जलमार्गात उतरलेल्यांवर अचानक पावसाचे पाणी आले आणि दोघांचा जीव गेला. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात लपवलेला एक छोटा डबा बॉम्ब समजून लष्करी पथकाने स्फोट करून उडवला. त्या भीतीला हसता येत नाही. १९९३ आणि २००६ पाहिलेल्या मुंबईत बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना ऐकतच एक पिढी मोठी झाली. झुडपात वाकून काही चाचपणारा माणूस छंदिष्ट की संशयित, हे बघणारा त्याच्या चेहऱ्यावरून आणि नावावरून ठरवतो. म्हणजे हा खेळ सर्वांना सारखाच मोकळा नाही. हे आपल्यापैकी अनेकांना समजावून सांगावे लागणार नाही.

आणि तरीही लाखो डबे आपापल्या जागी आहेत. त्यांना कुलूप नाही, राखणदार नाही. अनोळखी माणूस येईल, वहीत नाव लिहील आणि डबा होता तसा ठेवून जाईल, एवढ्याच भरवशावर ते तिथे आहेत. युद्धासाठी सोडलेले उपग्रह आणि गुपितांसाठी शोधलेली विद्या यांतून माणसांनी एकमेकांना न भेटता विश्वास ठेवण्याचा खेळ उभा केला. बादली पुरली त्या जागी २००३ साली एक स्मृतिफलक बसवला गेला. तो कुठल्या विजयाचा नाही. एका माणसाने काहीतरी ठेवले आणि दुसऱ्याला ते सापडले, एवढीच त्याची हकिकत आहे.