कूस बदलण्याचा इतिहास

माझी आजी खुब्याचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात होती. शस्त्रक्रिया चांगली झाली. ताप नव्हता, हाडही जुळत होते. एके सकाळी चादर बदलताना तिच्या माकडहाडापाशी काळपट डाग दिसला. आठ दिवसांत तिथे लिंबाएवढी जखम झाली. भेटायला येणारे आमची समजूत घालत, "या वयात अंथरुणाला खिळल्यावर हे व्हायचंच." आम्हीही ते मान्य केले. पुढे या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळले की 'व्हायचंच' म्हणणारे आणि 'टाळता येतं' म्हणणारे यांचा वाद फार जुना आहे. त्यात आम्ही चुकीच्या बाजूला उभे होतो.

ही जखम म्हणजे बेडसोअर, पुस्तकी भाषेत शय्याव्रण. निरोगी माणूस गाढ झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला हलता येत नाही किंवा अवघडल्याचे कळतच नाही, त्याच्या शरीराचा भार तासन्‌तास एकाच जागी पडतो. माकडहाड, खुबा, टाचा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबले जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्ताविना तो भाग मरू लागतो. पुष्कळदा नुकसान आत, हाडालगत आधी सुरू होते. वरच्या कातडीवर ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

फ्रान्सचा विख्यात शल्यवैद्य आंब्रोझ पारे याच्याकडे १५६९ मध्ये असाच एक रुग्ण आला. तो एक तरुण सरदार होता. गोळी लागून गुडघ्यापाशी हाड मोडलेले, कित्येक महिने पडून राहिल्याने अंगाला जखम झालेली. पारेने गोळीच्या जखमेवर उपचार केलेच, पण खाली मऊ पिसांची छोटी उशी अशी बसवली, की दुखरा भाग गादीला टेकू नये. अंथरूण स्वच्छ ठेवले, पौष्टिक आहार सुरू केला. रुग्णाला झोप यावी म्हणून भांड्यात पाण्याची धार सोडून पावसाचा आवाज करवला, मन रमावे म्हणून वादक बोलावले. सरदार बरा झाला. दाब हटवा, कोरडे ठेवा, खाऊ घाला, ही आजच्या उपचाराची मूळ सूत्रे त्यात आली होती.

१८५९ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवर छोटेखानी पुस्तक लिहिले. रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. पण पुढच्याच पिढीत पॅरिसचे नामवंत मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांनी उलटे मत मांडले. मेंदू वा मज्जारज्जूला इजा झाली की कातडी आतूनच मरते आणि अशी जखम ही मृत्यूची चाहूल असते, असे त्यांचे म्हणणे होते. खरे तर १८५० च्या दशकातच ब्राउन-सेकार या संशोधकाने मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवून दिले होते, की दाब आणि ओल टाळली तर जखम होत नाही. पण शार्को यांचा दबदबा मोठा होता. जे होणारच ते टाळायला धडपडायचे कशाला, ही वृत्ती बळावली. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक अशा जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावले.

१९१७ साली, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावच्या रुग्णालयात अठरा वर्षांचा एक मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार तिथे आला. मुलगा त्याची टिपणे घेऊ लागला, तर त्याला सांगण्यात आले, की त्रास घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. पाच आठवड्यांत तो कामगार गेला. त्या मुलाचे नाव लुडविग गुटमन.

पुढे गुटमन मोठे मज्जातंतुतज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये त्यांना जर्मनी सोडून इंग्लंडला जावे लागले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात त्यांनी कण्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवण्याची पद्धत त्यांनी मोडीत काढली. नियम एकच घातला. दर दोन तासांनी, रात्र असो की दिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. तो पाळला जातो की नाही हे बघायला ते रात्री-अपरात्री स्वतः वॉर्डात येऊन उभे राहत. मूत्रमार्गाची काळजी आणि नवी जंतुनाशक औषधे यांचाही वाटा होताच. पण 'हे मरणारच' हा समज मोडला तो या नियमाने.

जगले म्हटल्यावर करायचे काय, हा प्रश्न आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमन यांनी चाकाच्या खुर्चीतल्या १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तिचेच पुढे पॅरालिम्पिक झाले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले होते. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. त्या पदकाची वाट इंग्लंडमधल्या एका वॉर्डाच्या रात्रपाळीतून आली आहे.

१९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच गोष्टींना गुण देऊन कोणाला धोका अधिक आहे हे आधीच ओळखण्याची पद्धत त्यात होती. एकूण गुण वीस; चौदा किंवा कमी पडले की सावध व्हायचे. पाठीला काय चोळता यापेक्षा दाब हटवता की नाही हे महत्त्वाचे, हेही त्या अभ्यासाने दाखवले. तरी आपल्याकडे स्पिरिट आणि पावडर लावून पाठ खसाखसा चोळण्याची रीत टिकून राहिली. हाडाच्या उंचवट्यावर असे चोळू नये आणि गोल रबरी रिंगही वापरू नये, असे आज तज्ज्ञ सांगतात. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती कूस बदलत नाही. ते माणसालाच करावे लागते. किती वेळाने, हे रुग्ण पाहून डॉक्टर आणि परिचारिका ठरवतात.

इथेच खरी अडचण आहे. रात्री एका परिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असतील तर सगळ्यांची कूस कोण बदलणार? नाइटिंगेलबाईंचे वचन तिच्या तोंडावर फेकणे सोपे आहे. पण शुश्रूषेचा दोष म्हणजे एकट्या परिचारिकेचा दोष नव्हे. पुरेशी माणसे नेमणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे. आपल्या वॉर्डात ही उणीव घरची माणसे भरून काढतात, मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते.

म्हणून आपले कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून घ्या, की कूस कशी बदलायची, किती वेळाने, कोणत्या बाजूवर. रुग्णाला ओढू नका, चादरीने उचलून सरकवा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी द्या. पाठ रोज उघडून बघा. बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली तर लगेच सांगा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तेव्हा हात लावून बघा, जागा गरम किंवा कडक लागते का.

माझ्या आजीची जखम भरायला चार महिने लागले. हाड त्याच्या कितीतरी आधी जुळले होते. पुढे वडील आजारी पडले, तेव्हा आम्ही कॉटच्या उशाशी एक कागद चिकटवला होता. उजवी कूस, पाठ, डावी कूस, आणि समोर वेळ. रात्री दोनचा गजर कोणी लावायचा, यावरून भावंडांत कुरबुरी झाल्या. पण वडिलांच्या पाठीवर शेवटपर्यंत ओरखडाही उठला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)