दाटीचा प्रश्न आणि गावदेवीचा दाखला

जुन्या वस्तीत नवी दाटी येऊ द्यावी की नाही, हा वाद आज आमच्या गोव्यातील वाड्यावाड्यांतून चालला आहे. वडीलधारे विचारतात, "विहिरीचे पाणी इतक्यांना पुरेल काय?" तरुण विचारतात, "मग आम्ही राहावे तरी कोठे?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. निवाड्यापूर्वी जुने दप्तर उलगडावे ही वकिलाची सवय. तिला अनुसरून आम्ही मुंबईचे एक पान वाचकांपुढे ठेवतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिज्वराची साथ उद्भवली. ती प्रथम ओळखली मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. दाटीच्या चाळींत जेथे ऊन शिरत नव्हते, तेथे मृत्यू मात्र सहज शिरला. परिणामी १८९८ मध्ये कायद्याने मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि दादर, माटुंगा, गावदेवी येथे नव्या वसाहती आखल्या.

गावदेवी हे नाव मुळात ग्रामदेवतेचे. तेथेच १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून मानतात. कारवार-मंगळूरकडून आलेल्या या कोंकणीभाषी मंडळींना अंगण, तुळशीवृंदावन आणि मागील दारची विहीर ठाऊक होती. एकावर एक बांधलेली बिऱ्हाडे त्यांना नवीन होती. तरीही त्यांनी ती पत्करली, कारण जमीन व इमारत संस्थेची आणि वास्तव्याचा हक्क सभासदाचा, या व्यवस्थेत घरमालकाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. आज ज्या वस्त्यांना आपण 'जुन्या व शांत' म्हणतो, त्यांतील कित्येक स्वतःच एके काळी नवी दाटी होत्या, हे विसरून चालणार नाही.

मग त्या दाटीने रोगराई का आणली नाही? येथे ट्रस्टच्या एका नियमाकडे आम्ही लक्ष वेधतो. अध्यक्ष ऑर यांनी ६३.५ अंशांचा प्रकाशकोन पुरस्कारिला. त्याचा साधा अर्थ असा की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी; म्हणजे दहा फूट मोकळे असेल तर उंची वीस फूट. हा नियम माणसे किती हे विचारीत नव्हता. शेजाऱ्याच्या खिडकीत आकाश दिसते की नाही, हे विचारीत होता.

१९६४ पासून मुंबईत चटई क्षेत्र निर्देशांक आला. १९९१ च्या नियमावलीत बेट शहरासाठी तो १.३३ ठरला. पुढे पुनर्विकासासाठी तो वाढत गेला आणि सामासिक अंतराच्या अटी शिथिल करण्याच्या सवलतीही मिळू लागल्या. मापाचा दंडक अशा रीतीने शेजाऱ्याच्या खिडकीवरून स्वतःच्या भूखंडावर सरकला. आमच्या मते खरा बिघाड येथेच झाला.

गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकक्षोभामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली घातलेल्या कलम १७(२) खालील नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. या दोन्ही प्रसंगी लोकांचा रोष केवळ मजल्यांवर नव्हता. गावाला न विचारता एकेका भूखंडाचा निर्णय व्हावा, यावर तो होता.

म्हणून आम्ही सरसकट नकाराच्या बाजूचे नाही. ज्यांचे घर झाले त्यांनी दार लावून घ्यावे, हा न्याय नव्हे. १९१५ साली कोणी तसे केले असते तर गावदेवीची ती बिऱ्हाडे उभी राहिली नसती. परंतु नव्या मजल्याला संमती देण्यापूर्वी पाणी, सांडपाणी, रस्ता आणि शेजाऱ्याचा प्रकाश यांचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेलाच पाहिजे. देवळाच्या उत्सवात पालखीला वाट देताना प्रत्येक जण थोडा मागे सरतो, म्हणूनच ती पुढे जाते. वस्तीचा धर्मही याहून निराळा नाही.