तान्ह्याची मात्रा

उणकलच्या तळ्याजवळच्या आमच्या जुन्या घरात बाळगुटीची सहाण अजून आहे. आज्जी गुटी उगाळताना वेढे मोजत असे. मूल वाढेल तसे वेढे वाढत. शेजारच्या कानडी घरातल्या अज्जींचा हिशेबही तोच. जायफळाचा एखादा वेढा जास्त पडला तर मूल दिवसभर पेंगते, हे दोघींनाही ठाऊक होते. तान्ह्याला औषध किती द्यावे, हा प्रश्न असा जुनाच.

फ्लूच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळायला मात्र फार उशीर झाला. १९१८ च्या साथीत आपला धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि त्या इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. विषाणूवर औषधच नव्हते, तेव्हा मात्रेची चर्चा कसली?

ऑसेल्टामिवीर, म्हणजे वाचकांना माहीत असलेले टॅमीफ्लू, अमेरिकेत १९९९ साली मोठ्यांसाठी मंजूर झाले. एक ते बारा वर्षांच्या ६९५ मुलांवर त्याची चाचणी झाली. आजार सुमारे दीड दिवसाने कमी झाला आणि कान फुटण्या-दुखण्याचे प्रमाणही घटले. २००० च्या डिसेंबरात एक वर्षावरील मुलांना परवानगी मिळाली. त्याखालच्यांना नाही. फ्लूने जास्त धोका असतो तो नेमका याच वयाला!

पुढे उंदरांनी भीती घातली. सात दिवसांच्या पिलांना अवाढव्य मात्रा दिली, तेव्हा काही मेली आणि त्यांच्या मेंदूत औषध फार साठलेले आढळले. तान्ह्या जिवाच्या मेंदूभोवतीचे कुंपण अजून कच्चे असते, अशी शंका आली. ती रास्तच होती. पण शंकेने मुलांचा ताप उतरत नाही. डॉक्टर गरज पडली की अंदाजाने औषध देतच होते. चाचणी नको म्हणून अंदाज चालू द्यायचा, यात मला तरी फारसे शहाणपण दिसत नाही. तोही प्रयोगच, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

नोंद ठेवण्याचे काम अमेरिकेतील डेव्हिड किंबरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. निरोगी मुलांना औषध दिले नाही. ज्यांना फ्लू झाल्याचे तपासणीत ठरले होते, अशीच दोन वर्षांखालची ८७ मुले घेतली. आधी मोठी, मग एकेक पायरी उतरत लहान. औषध दिल्यावर ठराविक तासांनी थेंबभर रक्त काढून ते किती उरले हे मोजले.

जे निघाले ते आज्जीच्या हिशेबाला उलटे होते. साठ किलोच्या माणसाला एका वेळी ७५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे सव्वा. तान्ह्याला त्याच हिशेबाने दिले तर ते कमी पडते, कारण किलोमागे पाहिले तर त्याची मूत्रपिंडे औषध मोठ्यांपेक्षा भराभर बाहेर टाकतात. आठ महिन्यांपर्यंत किलोमागे तीन मिलिग्रॅम, नऊ ते अकरा महिन्यांना साडेतीन. दुपटीहून जास्त! उलट दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची मूत्रपिंडे कच्ची, म्हणून त्याला किलोमागे एकच पुरे. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत दोन आठवड्यांवरील बाळांसाठी किलोमागे तीनची मात्रा मंजूर झाली.

पण २००९ ची साथ त्याआधी आली. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची मुलगी दगावली, देशातला तो पहिला बळी. इकडे हुबळी-धारवाडातही घरोघरी तोंडाला रुमाल बांधले गेले. तेव्हा सरकारी तक्त्यात तान्ह्यांची मात्रा वजनावर नव्हती, वयावर होती: तीन महिन्यांखाली १२ मिलिग्रॅम, पाच महिन्यांपर्यंत २०, अकरा महिन्यांपर्यंत २५, दिवसातून दोनदा. वेढ्यांसारखीच.

त्या श्रावणात आमची नात सात महिन्यांची होती. डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिले. कॅप्सूल उघडून पूड साखरेच्या पाण्यात कालवायची आणि त्यातले मोजून पाजायचे. औषध कडू जहर. सून सहाणेजवळच बसून चमच्याने भरवत होती. नातीचे वजन तेव्हा सात किलो, म्हणजे आजच्या हिशेबाने एकवीस मिलिग्रॅम. आम्ही पंचवीस दिले होते. पहिल्या खेपेला त्यातले निम्मे तिने सुनेच्या पदरावर थुंकले.